कट्ट्याच्या जागी

आज संध्याकाळी मुद्दाम जुन्या कट्ट्यावरून गेलो. झाड आहे, कट्टा नाही. तिथे आता एकेकट्याने बसायच्या चार खुर्च्या, मध्ये लोखंडी दांडे, सगळ्यांची तोंडं रस्त्याकडे. शेजारच्याशी बोलायचं तर मान वळवावी लागते.

समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी १९८९ मध्ये कट्ट्यासारख्या ठिकाणांना 'तिसरी जागा' म्हटलं होतं. घर नाही, कामाचं ठिकाण नाही, नुसतं येऊन टेकायची जागा. जमिनीचा भाव वाढला की आधी हीच जाते, कारण गप्पांमधून कुणाला भाडं मिळत नाही. फार वाईट वाटतं.

झाडाच्या बुंध्याला टेकून एक आजोबा उभे होते. त्यांनी लगेच ओळखलं. "किती वर्षांनी रे!" म्हणाले. मग दोघं उभ्यानेच तासभर बोलत राहिलो.