जुगाराचं कर्ज: फेडायच्या आधी काय कराल?

घरातला कुणी ऑनलाइन रमी किंवा बेटिंगमध्ये अडकलाय, हे बहुतेकदा वसुलीचा फोन आल्यावर कळतं. मग आईवडील एफडी मोडतात, बायको दागिने गहाण टाकते आणि सगळं कर्ज एकरकमी भरलं जातं. कळकळीने सांगतो, हे करू नका. कर्ज फिटलं की पत मोकळी होते आणि ‘गेलेले भरून काढतो’ हा हिशोब पुन्हा सुरू होतो.

आधी पैशाची वाट अडवा, तीही त्याला समोर बसवून, त्याच्या संमतीने. परस्पर फोन काढून घेतलात तर नवं सिम यायला वेळ लागत नाही. पगाराच्या खात्यावरचं यूपीआय काढून टाका, बँकेच्या ॲपमधून कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बंद करा. रोजच्या खर्चापुरते पैसे वेगळ्या खात्यात ठेवा.

मग कर्जाची यादी: कुणाचं, मुद्दल किती, व्याज किती, हप्ता कधी. पहिल्या यादीत सहसा एखादं कर्ज लपवलेलं असतं. म्हणून क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे बँका-फायनान्स कंपन्यांकडून घेतलेल्या कर्जांची नोंद, काढा, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. मित्रांची उसनवारी मात्र त्यात दिसत नाही, ती विचारावीच लागते. बँकांच्या आणि फायनान्स कंपन्यांच्या वसुली एजंटांना सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे.

त्याच दिवशी टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, 14416 वर फोन करा. सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. घरच्यांनी केला तरी चालतो. लाजून ‘टेन्शन आहे’ म्हणू नका. जुगार थांबत नाही, कर्ज किती, झोप कशी, दारू आहे का, हे सरळ सांगा. मरणाची भाषा असेल तर त्याला एकटं सोडू नका, थेट हॉस्पिटल गाठा. पोलिसांच्या भीतीने गप्प बसणारेही बरेच. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी आणणाऱ्या 2025 च्या केंद्रीय कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही.

मानसोपचारतज्ज्ञाकडे जाताना चालू औषधांची चिठ्ठी न्या. पार्किन्सनवरच्या प्रामिपेक्झोल, रोपिनिरोलसारख्या गोळ्यांनी काहींना जुगाराची अनावर ओढ लागते. पण गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.

पगाराची तारीख आणि आयपीएलचे आठवडे सर्वांत अवघड. समुपदेशनाची वेळ शक्यतो त्या दिवसांतलीच घ्या.