‘मान्य आहे’वर टिक केल्यानंतर

ती टिक मी कधी केली, मला आठवतही नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धेची प्रवेशिका ऑनलाइन भरताना दहा-बारा चौकोन येतात. त्यातल्या एकात असतं: वाद झाला तर कोर्टात न जाता स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या क्रीडा लवादाकडे जायचं. टिक केली नाही तर अर्ज पुढेच सरकत नाही. याला संमती म्हणतात.

उत्तेजक चाचणीच्या माझ्या नमुन्यात काही सापडलं नव्हतं. पण अचानक चाचणी घेता यावी म्हणून रोज एक तास आपण कुठे असू, ते आधी कळवून ठेवावं लागतं. बारा महिन्यांत तीनदा चुकलं की नियमभंग. पहिल्या दोन चुका माझ्याच. तिसऱ्या वेळी चाचणी अधिकारी आला तेव्हा मी घरातच झोपलो होतो आणि दाराची बेल बंद पडली होती.

महासंघाने दोन वर्षांची बंदी घातली. ‘‘सरळ कोर्टात जाऊ,’’ मी म्हणालो. वकील मॅडम म्हणाल्या, कोर्ट तुम्हाला लोझानलाच पाठवेल. मुदत २१ दिवस.

शुल्क १००० स्विस फ्रँक. निवाड्याला तीन पंच: एक आमच्या निवडीचा, एक महासंघाच्या, अध्यक्ष लोझानची ती लवाद संस्थाच नेमणार. निवड तिच्याच यादीतून. मी दोन रात्री अनोळखी नावं चाळत बसलो. महासंघाच्या वकिलांना ती माणसं पाठ होती, कारण ते तिथे नेहमीचे. मला खुपलं ते हे.

सुनावणी मात्र जाहीर हवी, असा मी हट्ट धरला. जर्मन स्केटर क्लाउडिया पेकश्टाइनला ती नाकारली होती. २०१८ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने तो हक्कभंग ठरवला. त्यानंतर लवादाचे नियम बदलले, म्हणून मला मागता तरी आली. (लवाद स्वतंत्र नाही, हा तिचा आक्षेप मात्र त्याच निकालात फेटाळला गेला.)

सुनावणीतली चाळीस मिनिटं त्या बेलवर गेली. अधिकाऱ्याच्या अहवालात ‘चार वेळा बेल वाजवली’ होतं, दार ठोठावल्याचा उल्लेख नव्हता. अध्यक्षांनी विचारलं, ‘‘बाहेर उभं राहून बेलचा आवाज ऐकू येतो का?’’ अधिकारी जरा थांबून म्हणाला, ‘‘लक्ष दिलं नाही.’’ मला वाटलं, जिंकलो. निकालात आलं की बेल चालू ठेवणं माझी जबाबदारी. दोष कमी धरून बंदी १५ महिने.

पुढे स्वित्झर्लंडचं सर्वोच्च न्यायालय, मुदत ३० दिवस. पण तिथे लवादाची रचना चुकली का, बाजू मांडू दिली का, सार्वजनिक धोरणाचा भंग झाला का, अशा मोजक्याच गोष्टी तपासतात. बेल त्यात कुठेच बसत नाही. दक्षिण आफ्रिकेची धावपटू कास्टर सेमेन्या हिच्या खटल्यात ही तपासणी पुरेशी कठोर नव्हती, असं युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये म्हटलं. मी मॅडमना ते दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘‘तिला तिथवर पोचायला किती वर्षं लागली, मोजा.’’ लवादाच्या २०१९च्या निकालापासून सहा. माझ्या खेळात तेवढ्यात दोन पिढ्या बदलतात.

मी ते ३० दिवस जाऊ दिले. बंदीच्या शेवटच्या दोन महिन्यांत संघासोबत सराव करता येतो, असा नियम आहे. ती तारीख काढून ठेवली आहे, आणि बेल बदलली.