कार्टूनऐवजी : उद्यासाठी उरणारे उद्योग

शाळकरी मुलांचे कार्टून बंद करायचे असे ठरले, की घरात मोठ्या हौसेने रंगपेटी, शाडूची माती, जिगसॉ आणि एखादा नवा पट आणला जातो. चार दिवस उत्साह टिकतो आणि मग संध्याकाळी पुन्हा रिमोटची मागणी सुरू होते. अशा वेळी मुलांच्या चंचलपणावर खापर फोडले जाते, पण माझ्या मते गफलत पर्यायांच्या निवडीत झालेली असते. इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ साली दिलेल्या सूचनांनुसार पाच ते दहा वर्षांच्या मुलांचा पडद्यासमोरचा वेळ दिवसाला दोन तासांपेक्षा कमी असावा. ही मर्यादा पाळायची, तर मोकळ्या झालेल्या वेळेचे काय करायचे हे मात्र ज्याच्या त्याच्या घरालाच ठरवावे लागते.

कार्टून मुलांना का धरून ठेवते, याचा आधी शांतपणे विचार करायला हवा. बहुतेक मालिकांची एक गोष्ट दहा-बारा मिनिटांत संपते, पण त्यातली पात्रे संपत नाहीत; तीच मंडळी उद्या त्याच वेळेला पुन्हा भेटणार असतात. दिवसभर शाळा, बस आणि शिकवणी करून थकून आलेल्या मुलाला ओळखीच्या सोबतीत बसायचे असते आणि पुढे काय होणार याची उत्सुकताही हवी असते. जिगसॉ एकदा जुळला की त्याच्याकडे परत जायला काही कारण उरत नाही. म्हणून पर्याय निवडताना मी एकच कसोटी लावते : या उद्योगातले उद्यासाठी काही उरते का?

दिवाळीतला किल्ला या कसोटीला पुरेपूर उतरतो. दगड-विटांवर गोणपाट टाकून माती लिंपायची, बुरूज कुठे घ्यायचा यावरून भांडायचे, अळीव किंवा मोहरी पेरायची, ती उगवली का हे सकाळी उठल्याउठल्या पाहायचे आणि मावळ्यांच्या जागा रोज बदलायच्या. त्या दिवसांत सोसायटीतल्या मुलांना टीव्हीपासून उठवावे लागत नाही. प्रश्न उरलेल्या वर्षाचा आहे.

त्याचे उत्तर आम्हाला पिंगुळीत सापडले. सिंधुदुर्गात कुडाळजवळ असलेल्या या गावातील ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे आणि तेथील परशुराम गंगावणे यांना या कामासाठी २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. रामायण-महाभारतातील एखाद्या आख्यानाची चित्रे कागदांवर काढलेली असतात, दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, आणि क्रमाने लावलेल्या या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. कथेकरी एकेक चित्र समोर धरतो आणि वाद्यांच्या साथीने गात गात कथा पुढे नेतो. चित्र हलत नाही. ते हलवण्याचे काम कथेकऱ्याचा आवाज आणि ऐकणाऱ्याचे मन मिळून करतात. कार्टूनच्या जागी मुलांच्या हाती द्यावे असे याहून जवळचे काही मला तरी माहीत नाही.

घरी अशी पोथी करायला फारसे काही लागत नाही. जुन्या कॅलेंडरच्या पानांची कोरी पाठ, स्केचपेन आणि मैद्याची खळ एवढ्यावर काम भागते. पाने सारख्या मापाची कापावीत, चित्रे एकाच बाजूला काढावीत आणि वाळल्यावर दोन-दोन पाने पाठीला पाठ लावून चिकटवावीत. एका संध्याकाळी एकच चित्र, हा नियम मात्र मोठ्यांनी पाळायला लावावा. तिसरीत शिकणाऱ्या माझ्या मुलीने म्हशीवर बसून शाळेला जाणाऱ्या मुलीची गोष्ट रचायला घेतली. एका चित्रात म्हैस ओढ्याच्या अलीकडे होती आणि पुढच्या चित्रात थेट शाळेच्या पटांगणात. सांगून पाहताना ती स्वतःच अडखळली, कारण ओढ्याला पूर आला आहे हे तिने आधीच गाऊन टाकले होते. मग त्या दोन चित्रांच्या मध्ये आणखी दोन चित्रे आली : एकात म्हैस शिंगांपर्यंत पाण्यात होती आणि दुसऱ्यात ओले दप्तर कुंपणावर वाळत होते. गोष्टीत काहीतरी राहिले आहे हे मुलाला आपले आपण उमगणे, हे कोणतीही मालिका पाहताना घडत नाही, कारण तेथे मधली सगळी चित्रे दुसऱ्याने भरून दिलेली असतात. रविवारी घरातल्या सर्वांना बसवून, ताटावर चमच्याने ठेका धरून पोथी सादर होते. नवी गोष्ट सुरू करताना बहुधा तीच म्हैस परत येते, आणि ती यावीच.

चित्र काढायला न आवडणाऱ्या मुलांसाठी मोठ्याने वाचन हा उत्तम मार्ग आहे, पण ते नेमके कुठे थांबवायचे याकडे लक्ष हवे. प्रकरण संपवून पुस्तक मिटण्याची सवय आपल्याला असते. त्याऐवजी दार वाजले आणि कोण आले हे अजून कळलेले नाही, अशा ठिकाणी थांबावे. १९७१ साली सुरू झालेल्या बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. ते मुलाच्या हाती मोबाइलवर देऊ नयेत, निवडक पाने छापून घ्यावीत. आजी-आजोबा गावी किंवा मुले परदेशी असतील, तर व्हिडिओ न लावता साध्या फोनवर गोष्ट ऐकण्याची वेळ ठरवता येते. चेहरा दिसत नसला की मुले आवाजाकडे किती कान देऊन ऐकतात, हे अनुभवण्यासारखे आहे.

हाताने खटपट करणाऱ्या मुलांना आगकाड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणून द्यावी. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानखेळणी बनवणारे अरविंद गुप्ता यांनी हा खेळ देशभरातल्या मुलांपर्यंत पोहोचवला. पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेतील मुलांच्या विज्ञानकेंद्रातही त्यांनी अनेक वर्षे काम केले. काड्यांचे गूल मोठ्यांनी ब्लेडने खरवडून टाकावे आणि रबरी नळीचे साधारण सेंटिमीटरभराचे तुकडे कापावेत. तुकड्याच्या दोन्ही टोकांत एकेक काडी खुपसली की सांधा तयार होतो. तीन काड्यांचा त्रिकोण कितीही दाबला तरी जागचा हलत नाही, चौकोन मात्र बोट लावताच कलंडतो, आणि हे पाहून मूल चौकोनाला आडवी काडी कशी बसवावी याच्या मागे लागते. नळीला टाचणीने भोक पाडून तिसरी काडी घातली, की काम कागदाच्या सपाटीवरून वर उठते. असे चार सांधे आणि सहा काड्या यांतून त्रिकोणी मनोरा उभा राहतो. तेथून घर, पूल आणि आणखी बरेच काही करता येते.

सागरगोट्यांबद्दल थोडेच सांगते. एक वर उडवून खालचा एक उचलायचा, मग दोन, मग तीन, आणि चुकले की डाव दुसऱ्याकडे. उद्या डाव आज थांबला तेथूनच पुढे न्यायचा, एवढे ठरवले की हा खेळही अनेक दिवस चालतो. सागरगोटे मिळाले नाहीत तर नदीतले गुळगुळीत खडे चालतात.

या सगळ्याला एक जागा लागते आणि लहान घरांत तीच मिळणे सर्वांत कठीण असते. मुलांचा अर्धवट पसारा रात्री आवरून कपाटात गेला, की दुसऱ्या दिवशी तो बाहेर काढण्याचा कंटाळा येतो आणि रिमोट त्याहून जवळ असतो. आमच्याकडे जुन्या पाटावर अर्धवट काम ठेवून तो पलंगाखाली सरकवतात. केर काढताना पाट उचलायचा, पण वरचे काही हलवायचे नाही, हे घरातल्या सर्वांना सांगून ठेवले आहे. शाळेतून आल्यावर हातपाय धुऊन खाणे झाले, की मुलीला तो पाट फक्त बाहेर ओढावा लागतो.