'तिकडून' म्हणजे कुठून?

हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी वाचायला घेतलेले तरुण वाचक मला हमखास विचारतात, की पानोपानी शब्द अडतात, ते शिकायचे कसे? तुम्हीही विचारलेत म्हणून सांगते; मात्र या पुस्तकात अडणाऱ्या शब्दांपेक्षा न अडणारे शब्दच अधिक फसवतात, असा माझा अनुभव आहे.

अडणाऱ्या शब्दांची सोय कोश करतात. कादंबरी १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः येऊ लागली, आणि मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ची; म्हणजे कथानायिका यमूच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी असलेली मराठीच त्यात नोंदलेली आहे. त्यातले अर्थ इंग्रजीत असल्यामुळे मी आधी दाते-कर्वे यांचा सात खंडांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' उघडते. दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. शीर्षकातल्या 'लक्षांत'वरच्या टिंबाने मात्र बिचकू नये. तो जुन्या लेखनपद्धतीतला अनुस्वार आहे.

खरी अडचण 'सोवळी' या शब्दाची. शाळेत असताना मी ही कादंबरी प्रथम वाचली, तेव्हा गौरी-गणपतीच्या स्वयंपाकाला आई सोवळ्याने बसते, एवढाच अर्थ मला ठाऊक होता. त्यामुळे एखादी बाई सोवळी झाली असे वाचले, की ती पूजेला बसली असेल अशा समजुतीने मी निर्धास्तपणे पुढे जात असे. सोवळी म्हणजे केशवपन केलेली विधवा, हे आजीने सांगितले तेव्हा अर्धे पुस्तक वाचून झाले होते, आणि मला ते पहिल्या पानापासून पुन्हा वाचावे लागले. आलवण (अशा विधवेचे तांबडे लुगडे) हा शब्द ठाऊक नव्हता म्हणून मी तो विचारला तरी होता. सोवळी ठाऊक आहे असे वाटले, म्हणून विचारलाच नव्हता.

'तिकडून' या शब्दाची तऱ्हा आणखी निराळी आहे. कोशात आधी दिशा सापडते, माणूस वाक्यातच शोधावा लागतो. त्या काळची बायको नवऱ्याचे नाव घेत नसे, म्हणून 'ते आले' असे न म्हणता 'तिकडून येणे झाले' म्हणे. वाक्यात क्रिया असते, कर्ता मात्र जागेच्या आड लपलेला असतो. समोरासमोर बोलताना त्याच 'तिकडून'चे 'इकडून' होते. 'स्वारी' या शब्दातही घोडा-हत्ती काही नसतो, नवराच असतो. (कधी आदराने, कधी लाडाने, आणि मला वाटते, कधी थोडे चिडवायलाही.)

म्हणून माझ्या वहीत अशा शब्दांपुढे अर्थ नसतो. कोण, कोणाला आणि कोणासमोर म्हणते, एवढेच लिहिलेले असते. 'मामंजी' म्हणजे सासरे आणि 'वन्सं' म्हणजे नणंद हे पाठ करता येते. पण ती हाक मारताना सुनेला आवाज किती खाली आणावा लागे, हे प्रसंगातच कळते.

आणि पहिल्याच वाचनात प्रत्येक शब्दासाठी थांबू नका. मी पेन्सिलीने बारीक खूण करून पुढे जाते आणि प्रकरण संपल्यावर कोश उघडते. तोवर निम्म्या खुणा पुढच्या पानांनीच खोडलेल्या असतात.