ओलं रील आणि दोन तासांचा स्लॉट

फोटोग्राफीच्या पहिल्या वर्षाला असाइनमेंट होती: ब्लॅक अँड व्हाइट फिल्मचा ३६ फ्रेमचा रोल शूट करायचा, स्वतः डेव्हलप करायचा आणि कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे सगळ्या फ्रेम लहान आकारात छापलेला कागद, द्यायची. शूटिंग मजेत झालं. अडकले ते डार्करूममध्ये, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

रजिस्टरमध्ये नाव लिहिलं की दोन तासांचा स्लॉट मिळायचा. लाल दिवा फक्त प्रिंटच्या कागदाला चालतो, फिल्मला मिट्ट काळोखच लागतो. त्या काळोखात कॅसेट उघडली, फिल्मचं टोक प्लॅस्टिकच्या रीलमध्ये, म्हणजे फिल्म गुंडाळायच्या खाचा असलेल्या चाकात, सरकवलं आणि रीलच्या दोन्ही बाजू मागेपुढे फिरवायला लागले. चार फिरक्यांनंतर फिल्म अडली. जोर लावला तर करकर आवाज. काढून पुन्हा घातली, पुन्हा तिथेच. दीडेक मीटर फिल्म हातात वेटोळी होऊन उसळत होती आणि बाहेर पुढची मुलं दार वाजवत होती. शेवटी ती हातानेच गुंडाळून प्रिंटिंग पेपरच्या काळ्या पिशवीत टाकली.

सर म्हणाले, "हाताला घाम येत असेल. सराव कर." पुढचा स्लॉट पाच दिवसांनी. ते पाचही दिवस मी स्वतःच्या हातांनाच दोष दिला.

दुसऱ्या वेळी दिवा बंद करण्याआधी रील नीट पाहिलं. खाचांमध्ये पाण्याचे थेंब होते! आधीच्या मुलांनी धुऊन तसंच ठेवलेलं. फिल्मवरचा थर जिलेटिनचा. पाणी लागलं की तो फुगतो, चिकट होतो, आणि फिल्म खाचेत रुतून बसते. स्लॉट एकाला एक लागून आणि रीलं मोजून चार, म्हणजे कोरडं रील कुणालाच मिळणार नव्हतं. एवढी साधी गोष्ट शिकवायला दोन मिनिटं लागली असती.

लॅबमधल्या काकांकडे पुढच्या स्लॉटच्या आदल्या संध्याकाळी रील मागितलं. स्लॉटबाहेर सामान देत नाहीत, म्हणाले. मग अर्ज लिहिला, वर्गातल्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या. दोन दिवसांनी मंजुरी आली: दोन रीलं सकाळी, दोन दुपारी, मधल्या वेळात वाळवायची.

कोरड्या रीलवर फिल्म दोन मिनिटांत चढली. पुढे २० अंशांचा डेव्हलपर (चित्र उमटवणारं रसायन), स्टॉप बाथ (ते काम थांबवणारं), फिक्सर (चित्र पक्कं करणारं), धुणं, सगळं सरळ झालं. ३१ फ्रेम स्वच्छ आल्या. उरलेल्या पाचांवर फिल्म दुमडल्याच्या चंद्रकोरीसारख्या खुणा आहेत, आणि त्या पहिल्या दिवसाच्या आहेत.

तुमची पाळी असेल तर एखादा वाया गेलेला रोल घेऊन आधी उजेडात सराव करा, मग डोळे मिटून. फिल्मच्या टोकाचे दोन्ही कोपरे कात्रीने किंचित गोल करा, खाचेत अडत नाहीत. डेव्हलपर ओतल्यावर टँक (रील ठेवायचा बंद डबा) ओट्यावर हलकेच आपटा, नाहीतर बुडबुड्यांचे डाग राहतात. हो, आणि कात्री दिवा घालवण्याआधी हाताशी ठेवा. काळोखात मी ती पाच मिनिटं चाचपडत होते.

दुसऱ्या वर्षी ज्युनिअर मुलांना हे शिकवायचं काम मी मागून घेतलं. आधी मुद्दाम ओलं रील देते, उजेडातच. फिल्म अडली की त्यांचं बोट त्या जागेवर ठेवायला लावते. मगच कोरडं रील हातात देते.