पेडलला पाय लावायचा नाही

वाईत गॅरेज टाकलं म्हटल्यावर ब्रेकची कामं चुकत नाहीत. शनिवार-रविवारी पाचगणीहून उतरलेल्या गाड्या पसरणी घाट संपला की पहिल्या टपरीला थांबतात. चाकांतून करपट वास येत असतो आणि चालवणारा म्हणतो, "काही नाही हो, क्लच असेल." क्लच नसतो. न्यूट्रलमध्ये घाट उतरलेला असतो, सगळा भार ब्रेकवर.

तर ब्रेकच्या गोष्टी माझ्याकडे पोत्याने आहेत. ही त्यातली एक, आणि हिच्यात चूक माझी आहे.

सर माझे अकरावी-बारावीचे फिजिक्सचे. बारावीला मी त्यांच्याच विषयात गचकलो आणि आयटीआयला गेलो. याचं त्यांना माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं होतं. निवृत्त झाल्यापासून त्यांची गाडी माझ्याकडेच असते. गेल्या दिवाळीनंतर एका बुधवारी आले, म्हणाले, "घाट उतरताना ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरतं. पेडलही पायाखाली धडधडतं."

मी म्हटलं, "सर, डिस्क वाकडी झालीय."

"वाकडी कशाने झाली? किती वाकडी? मोजलीस का?"

घ्या. मी चाक काढलं आणि डिस्कला, म्हणजे ब्रेकचे पॅड जिला दोन्ही बाजूंनी चिमटतात त्या फिरणाऱ्या चकतीला, व्हर्नियर लावला. एकवीसच्या वर भरली. नवी डिस्क २२ मिलिमीटरची, आणि हिच्यावर कमीत कमी जाडी २० कोरलेली. म्हणजे मापात होती. सरांनी व्हर्नियर हातात घेतला, डिस्कच्या कडेवरून बोट फिरवलं आणि काही न बोलता घरी गेले. अर्ध्या तासाने परत आले ते स्क्रू गेज घेऊन. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तारेचा व्यास मोजायला लावायचे, तसलाच.

"कडेला पॅड घासत नाही, तिथे गंजाची उंच कड राहिलीय. तुझा व्हर्नियर त्या कडेवर टेकतोय. आत मोज."

आत १९.७ भरली. मग त्यांनी डिस्कवर खडूने आठ खुणा केल्या आणि आठही ठिकाणी मोजमाप घेतलं. सगळ्यात जाड आणि सगळ्यात पातळ जागेत ०.०४ मिलिमीटरचा फरक. "वाकडी नाही, जाडी असमान आहे. जाड भाग आला की पॅड मागे ढकलले जातात, पातळ आला की पुढे येतात. तेच पेडलला जाणवतं. शब्द नीट वापर." वीस वर्षं मी वाकडी म्हणत आलोय. अजूनही गिऱ्हाइकाला वाकडीच म्हणतो, कारण जाडी असमान म्हटलं की तो दुसऱ्या गॅरेजला जातो.

लेथवर घासून आणण्याइतकं मांस उरलं नव्हतं. पुढच्या दोन्ही डिस्क आणि पॅड बदलायचे ठरले. इथे सरांनी बॉम्ब टाकला. "हे मी घरी करणार. तू फक्त सांग."

मी टाळायचा प्रयत्न केला. पण काकूंचं म्हणणं पडलं की करू दे, नाहीतर दिवसभर टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडत बसतात. मग सरांनी शंभर पानी वही काढली आणि मी बोलत गेलो. गाडी सपाट जागेवर. हँडब्रेक ओढलेला. मागच्या चाकांना पुढून-मागून विटा. नट जमिनीवर असतानाच ढिले करायचे, मगच जॅक. नुसत्या जॅकवर काम नाही, खाली घोडी, म्हणजे लोखंडी स्टँड, पाहिजेच, आणि काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवून ठेवायचं. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा शिकंजा, ब्रेक ऑइलच्या होजवर लोंबकळता ठेवायचा नाही, स्प्रिंगला तारेने बांधायचा. ते टिपून घेत होते आणि मधेच विचारत होते, "का?" प्रत्येक का-ला मला उत्तर येत होतं. खरं सांगायचं तर त्यांच्यासमोर असं कधी झालं नव्हतं, आणि मी जरा फुगलो होतो.

रविवारी सकाळी दहाला फोन आला. "डिस्कवरचा स्क्रू फिरत नाही. डोकं खराब व्हायला लागलंय."

हा स्क्रू म्हणजे एक चीज आहे. चपट्या डोक्याचा, अधिकच्या खाचेचा. त्याचं काम इतकंच की चाक काढलेलं असताना डिस्क हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर, जागेवर राहावी. ब्रेकचा भार त्याच्यावर नसतो, तो चाकाचे नट घेतात. पण दहा वर्षं पावसाळे खाऊन तो असा धरतो की साध्या स्क्रू ड्रायव्हरने खाचच गुळगुळीत होते. मी ठोकून फिरवायचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन गेलो. हातोड्याचा घाव मागे बसला की त्याचं टोक खाचेत दाबलंही जातं आणि त्याच क्षणी थोडं फिरतंही. तीन घाव घातले. चौथ्याला 'टक्' असा बारीक आवाज झाला आणि स्क्रू सुटला. सर मुलासारखे हसले.

पण डिस्क काही निघेना, गंजाने हबला चिकटलेली. बरेच जण इथे मागून हातोडा हाणायला लागतात आणि बेअरिंगची वाट लावतात. डिस्कला दोन रिकामी आट्यांची भोकं असतात. त्यांत आठचे दोन बोल्ट घालायचे आणि आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळायचे. बोल्टचं टोक हबवर टेकतं आणि डिस्क स्वतःच बाहेर येते. आली ती लाल धुरळा उडवत. हब मी तारेच्या ब्रशने चकचकीत केला, कारण तिथे गंजाचा एक पापुद्रा राहिला तरी नवीन डिस्क तिरकी बसते आणि थोड्या दिवसांत तीच थरथर परत. नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो. तो क्लीनरने पुसला, मग पुन्हा पुसला. सर म्हणाले, "तिसऱ्यांदा पूस. चिंधी अजून काळी होतेय." खरंच होत होती.

कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लायडर पिनांपैकी खालची अडकली होती. जुना आतला पॅड बाहेरच्यापेक्षा निम्मा उरला होता तो त्यामुळेच. पिन साफ केली आणि ब्रेकचंच ग्रीस लावलं. साधं ग्रीस लावलं की रबर फुगतं.

आता पिस्टन. नवा पॅड जाड, डिस्क जाड, म्हणजे कॅलिपरमधला पॅड ढकलणारा, बाहेर आलेला पिस्टन आत ढकलावा लागतो. वरच्या बाटलीतलं थोडं ब्रेक ऑइल आधी सिरिंजने काढून घेतलं, नाहीतर ते उतू जातं आणि बॉनेटखालचा रंग खातं. जुना पॅड मध्ये धरून सी-क्लॅम्पने सावकाश दाबलं. डावीकडचं चाक झालं. उजवीकडचं सर स्वतः करणार होते, आणि त्याचा कॅलिपर त्यांनी तोवर उघडून तारेने बांधलाही होता. तार कपडे वाळत घालायच्या दोरीची, पण गाठ अशी की पाहत राहावं.

त्या वेळी मी जे म्हणालो ते शब्दाला शब्द आठवतं, कारण ते वहीत आहे. "सर, एक लक्षात ठेवा. पेडलला पाय लावायचा नाही." का, ते त्यांनी विचारलंच. मी सांगितलं, "इकडचा कॅलिपर उघडा आहे. पेडल दाबलं की पिस्टन बाहेर येत जाईल, समोर अडवायला काही नाही. पार निघालाच तर सगळं ऑइल अंगावर." त्यांनी लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

तेवढ्यात गॅरेजातल्या पोऱ्याचा फोन आला. घाटात, हॅरिसन फॉलीच्या खालच्या वळणावर एका टुरिस्टच्या चाकातून धूर निघतोय, पेडल स्पंजसारखं झालंय. मी निघालो. निघताना म्हटलं, "उजवीकडचंही असंच करा, नट समोरासमोरचे आवळा, टॉर्कचा पाना ठेवून जातो. मग एक चक्कर मारून बघा."

घाटातल्या माणसाने तापलेल्या डिस्कवर पाण्याची बाटली ओतली होती. त्याला ओरडायचा मला अधिकार नव्हता, तरी ओरडलो. तापलेलं बीड, म्हणजे डिस्कचं ओतीव लोखंड, असं एकदम गार केलं की तडकू शकतं. त्याचं ब्रेक ऑइल चहासारखं काळं झालेलं. हे ऑइल हवेतला ओलावा ओढतं आणि ओलावा वाढला की उकळायचं तापमान खाली येतं. डॉट ३ दर्जाचं नवं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावलेलं १४० लाच उकळू शकतं. एकदा वाफ धरली की पेडल दाबून वाफच दाबली जाते. हे सगळं मी त्याला सांगितलं. काय गंमत आहे, अनोळखी माणसाला मी सगळं सांगितलं.

चार वाजता फोन वाजला. नंबर सरांचा, आवाज काकूंचा. "तू लगेच ये. सर बरे आहेत, मी बरी आहे. गाडीचं विचारू नकोस."

पोर्चपासून गेटपर्यंत उतार आहे, बारा-पंधरा फुटांचा. सरांनी उजवं चाक पूर्ण केलं, घोडी काढली, विटा उचलल्या, सगळं वहीत टिक केलं. काकू गेट उघडायला गेल्या. सरांनी गाडी सुरू केली, हँडब्रेक सोडला, गाडी उताराला लागली तसा ब्रेक दाबला. पेडल थेट खाली गेलं. त्यांनी दुसऱ्या पायाने क्लचही दाबला, सवयीने, म्हणजे गिअरचा आधारही गेला. दुसऱ्यांदा पेडल मारायचं त्यांना सुचलं नाही. सुचतं कुणाला? माणूस जिवाच्या आकांताने दाबून धरतो. शेवटी हँडब्रेक ओढला. त्याची तार मागच्या चाकांना वेगळी जाते, त्याने गाडी मंदावली, पण तोवर गेटच्या उजव्या झडपेवर आदळली होती. वरची बिजागरी तुटली, बंपर फाटला. डाव्या झडपेपाशी काकू उभ्या होत्या. मी पोचलो तेव्हाही कडी हातात तशीच.

मी न बोलता गाडीत बसलो. पेडल दाबलं तर खोल गेलं. सोडलं, पुन्हा दाबलं, अर्ध्यावर थांबलं. तिसऱ्यांदा वर. चौथ्यांदा दगड. इतकंच करायचं होतं. आत ढकललेले पिस्टन पॅडपर्यंत यायला तीन-चार दाब लागतात, तोवर पॅड डिस्कला टेकतच नाहीत.

सर खिडकीपाशी उभे राहून बघत होते. "म्हणजे पहिल्या दाबात द्रव नुसती पोकळी भरून काढत होता," ते म्हणाले. "पास्कल तीस वर्षं शिकवला मी."

मी वही मागितली. त्यांच्या अक्षरात बावीस पायऱ्या. नववी: 'पेडलला पाय लावायचा नाही', खाली दोन रेघा. एकविसावी: 'नट, टॉर्क'. बाविसावी: 'चक्कर मारून बघणे'. एकवीस आणि बावीसच्या मध्ये काही नाही. मी लावू नका म्हणालो होतो, लावा म्हणायला विसरलो होतो. विसरलो तरी कसं म्हणू? गॅरेजात हे कुणी कुणाला सांगत नाही. सीटवर बसलं की पाय आपोआप चार ठोके मारतो. माझ्या पोरांनाही मी कधी सांगितलेलं नाही. ते बघून शिकले. सर वाचून शिकणारे.

"सर, हे माझ्याकडून राहिलं," मी म्हटलं.

त्यांनी खिशातून लाल पेन काढलं, एकवीसच्या खाली '२१ अ' लिहिलं आणि पेन माझ्या हातात दिलं. "तू लिही. तुझी पायरी आहे." मी लिहिलं. ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक त्यांनी लगेच दुरुस्त केली.

मग दोन्ही चाकं मी परत काढून तपासली. उजवीकडचं काम माझ्या पोरांपेक्षा नीट होतं. ग्रीस जेवढं पाहिजे तेवढंच, कुठे बोटभर ओघळ नाही.

संध्याकाळी बंपर तारेने बांधून आम्ही दोघं पाचगणीच्या रस्त्याला गेलो, नवे पॅड डिस्कवर घासून बसवायला. पन्नासचा वेग धरायचा, हलक्या ब्रेकने वीसपर्यंत आणायचा, पूर्ण थांबायचं नाही. असं दहा वेळा, मध्ये वारा लागू द्यायचा. थरथर गेली होती. उतरताना सरांनी दुसरा गिअर टाकला आणि हिशोब मांडला, गाडी आणि माणसं मिळून साडेअकराशे किलो, उतार साडेपाचशे मीटरचा धर. "साठ लाख ज्यूलच्या वर. सगळं ब्रेकने खाल्लं तर वीसेक लिटर पाणी उकळेल." वीस लिटर म्हणजे बिसलेरीचा मोठा जार. हे मात्र मी गिऱ्हाइकांना सांगतो, आणि लोक न्यूट्रलवरून दुसऱ्यावर येतात.

गेटच्या वेल्डिंगचे पैसे मी देणार होतो, त्यांनी घेतले नाहीत. त्या पानाची झेरॉक्स माझ्या गॅरेजात पाना टांगायच्या फळीवर चिकटवलीय. २१ अ वर काळे डाग पडलेत, पोरांची बोटं तिथेच लागतात.

काकू अजून गेट उघडत नाहीत. सर गाडीत बसले की त्या आत, पायरीवर उभ्या राहतात आणि मोठ्याने मोजतात, एक, दोन, तीन, चार. सर चार वेळा पेडल मारतात, मगच काकू कडी काढतात. मी दोनदा समजावून सांगितलं की रोज याची गरज नाही, ते फक्त पॅड बदलल्यावर. "असू दे," म्हणाल्या, "मागच्या वेळी पण तू बरंच काही सांगितलं होतंस."