कानामागची तीट

छकुलीचा वाढदिवस शनिवारी झाला. सगळं छान पार पडलं. बिर्याणी पुरून उरली, पाळकसाहेबांची प्रार्थना सुंदर झाली, पप्पांनी हार्मोनियम काढली. आणि तरी तेव्हापासून एक गोष्ट मनातून जात नाहीये. इतकी लहान की ह्यांनाही सांगितली नाही.

उपकारस्तुतीला, म्हणजे देवाचे आभार मानायच्या प्रार्थनेला, माणसं जमायच्या आधी शेजारच्या काकू आल्या. छकुलीला पांढरा फ्रॉक घालून बसवलं होतं. काकूंनी तिला उचललं, स्वतःच्या डोळ्यातलं काजळ करंगळीवर घेतलं आणि तिच्या कानामागे तीट लावली. "आज किती जणांचे डोळे पडतील पोरीवर!" एवढं म्हणून त्या पत्रावळी मोजायला आत गेल्या. मग मम्मींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पदराचं टोक पाण्यात बुडवलं आणि ती तीट पुसून टाकली. रागाने नाही, शेंबूड पुसावा तशी. काकूंना कळलंसुद्धा नाही.

पण तीट लागली तेव्हा मला हायसं वाटलं होतं. आणि पुसली गेली तेव्हा पोटात गोळा आला.

मी जन्मापासून चर्चच्या मंडळीत वाढलेली. आमच्याकडे दृष्ट काढत नाहीत, मीठमोहऱ्या नाहीत, काळा दोरा नाही, आणि त्यावाचून माझं कधी काही अडलं नाही. मग त्या काळ्या ठिपक्याने मला धीर का यावा? माझा विश्वास एवढा कच्चा आहे का? शनिवारपासून हेच चाललंय डोक्यात. भांडी घासताना, तिला भरवताना, रविवारी उपासनेत गुडघे टेकले तेव्हासुद्धा.

खरं म्हणजे वर्ष किती आनंदाचं गेलं! ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेला ती शालीत गुंडाळलेली, एवढीशी. शरणपूरच्या सेंट आंद्रिया चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला तेव्हा डोक्यावर पाणी पडलं तर रडली नाही, पाळकसाहेबांच्या पांढऱ्या झग्याकडे डोळे विस्फारून बघत राहिली. पावसाळ्यात रांगायला लागली. नाताळात कॅरलवाली मुलं रात्री दारात गात होती तेव्हा ही माझ्या कडेवर बसून वरखाली उड्या मारत होती. गव्हाणीतलं मातीचं मेंढरू तिने उचललं ते थेट तोंडात. दोन नवे दात, त्यात मेंढराचा कान. आता द्राक्षं आलीत तर पप्पा रोज दुपारी एकेक मणी सोलतात, बी बघतात, नखाएवढे तुकडे करतात आणि चिमणीसारखे भरवतात. घशात अडकेल म्हणून मी घाबरते, तर म्हणतात, "अगं, मी बसलोय ना."

मी बसलोय ना. सगळ्यांना असं म्हणता येतं. मला नाही येत. ती हसली की मला आधी आनंद होतो आणि लगेच धास्ती. उपकारस्तुतीत साक्ष द्यायला, देवाने काय केलं ते सांगायला, उभी राहिले तर "प्रभूने सांभाळलं" एवढंच तोंडातून निघालं. सगळ्यांना वाटलं भरून आलं. भरून आलंच होतं, पण नुसतं आनंदाने नाही. मागच्या खेपेनंतर पाळणा माळ्यावर कुणी नेऊन ठेवला, ते मी अजून विचारलेलं नाही. असो.

पप्पा तिला भरवताना शरणपूरच्या जुन्या गोष्टी सांगतात, तिला काय कळतं कोण जाणे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून पळवून नेलेली मुलं इंग्रजांच्या आरमाराने समुद्रात जहाजांवरून सोडवली, त्यातली कित्येक इथे नाशकात मिशनच्या आश्रयाला आली, शिकली. त्यातलाच जेकब वेनराइट. आफ्रिकेत फिरलेले मिशनरी डॉ. लिव्हिंगस्टन तिथेच 1873 साली वारले तेव्हा सोबत असलेल्यांपैकी एक. शवपेटीबरोबर तो लंडनपर्यंत गेला, 1874 साली वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हाही हजर होता. पप्पांना त्याचा फार अभिमान, आपल्या शरणपूरचा मुलगा म्हणून. मीही लहानपणापासून ही गोष्ट अभिमानानेच ऐकली. ह्या वर्षी मात्र माझं मन जेकबपाशी थांबत नाही, त्याच्या आईकडे जातं. तिनेही काहीतरी बांधलं असेल त्याच्या दंडाला, काहीतरी पुटपुटली असेल. लेकरू तरी गेलंच. तिकडे समुद्रापलीकडे तिला कधी कळलं असेल का, की ते जगलं?

हे सगळं मनात घेऊन काल रात्री पाणी प्यायला उठले. बघते तर मम्मी पाळण्यापाशी उभ्या. अंधारात. हात छकुलीच्या पाठीवर, श्वास लागतोय का बघत होत्या. मीही तेच करते, रोज. मला वाटायचं मी एकटीच करते. मला बघून त्या दचकल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "121वं स्तोत्र म्हणत होते. इस्राएलाचा रक्षक झोपत नाही गं, पण मलाही झोप येत नाही." मग थोड्या वेळाने, "हिच्या बापाच्या वेळीही असंच, तो वर्षाचा होईपर्यंत मी रोज रात्री उठायचे." आम्ही दोघी तिथेच पलंगाच्या कडेला बसलो. मागच्या खेपेबद्दल त्या पहिल्यांदाच काहीतरी बोलल्या. ते इथे नाही लिहीत.

मम्मींनी तीट पुसली ती बिनधास्त होत्या म्हणून नव्हे, हे मला काल कळलं. त्यांना माझ्याइतकीच भीती आहे, फक्त ती कुणापुढे मांडायची हे त्यांनी पक्कं ठरवलंय. आणि काकू? फेब्रुवारीत नेहरूनगरला बाळ येशूच्या यात्रेला दर वर्षी जातात, तासन्‌तास रांगेत उभ्या राहून. मी पोटुशी होते तेव्हा तिथून मेणबत्ती लावून आल्या आणि थेट माझ्या पोटावर हात ठेवला. आमच्या चर्चमध्ये नवस बोलत नाहीत, मम्मींना ते आवडतही नाही, पण त्या दिवशी मम्मींनीच त्यांना चहा केला होता, साखर जास्त घालून, काकूंना लागते तशी.

म्हणजे आम्ही तिघी घाबरतोच. इतकं कुणी आवडलं की भीती वाटणारच, आणि ती वाटली म्हणून प्रभू मला दूर लोटणार नाही. बायबलमधल्या शिमोनाने मंदिरात बाळ येशूला हातात घेतलं, देवाची स्तुती केली आणि त्याच दमात मरीयेला सांगितलं की तुझ्याही जिवातून तलवार जाईल. तिने तरी बाळाला घरी नेलंच ना, वाढवलंच ना.

उद्या लस आहे. दवाखान्यात रडेल, रात्री ताप येईल, मी जागी राहीन, मम्मीही राहतील. काकूंना सकाळी सांगून ठेवलंय, रिक्षातून परत आलो की त्या मऊ भात घेऊन येणार आहेत. येताना पुन्हा तीट लावतील. लावू देत. मम्मी पुसतील, पुसू देत. पप्पांना दुपारचे द्राक्षाचे तुकडे उद्या आणखी बारीक करायला सांगायचंय.